खाली किती?

सरांनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "तुमच्या घरी डाळ शिजते का?"

एम.एस्सी.च्या प्रवेशाची मुलाखत होती. टेबलामागे तिघं बसले होते. दोघांनी गुण, विषय, वसतिगृह असं नेहमीचं विचारलं. तिसरे खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या शर्टाच्या खिशाला पेनाच्या जागी थर्मामीटर लावलेला होता. त्यांनी माझ्या अर्जावरचं गावाचं नाव वाचलं आणि एकदम हा प्रश्न टाकला. मी यवतमाळकडच्या एका लहान गावातली. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. मला वाटलं, पुण्यात घरची परिस्थिती अशी विचारत असतील. मी खाली मान घालून म्हणाले, "शिजते सर. रोज."

बाकीचे दोघं हसले. सर हसले नाहीत.

"रोज शिजते हे ठीक. पण आपोआप शिजते, की आईंना सोडा घालावा लागतो?"

"सोडा घालते आई."

"गार झालेल्या चहावर तवंग येतो?"

"येतो सर."

"यांना घ्या," सर शेजारच्यांना म्हणाले. "यांच्याकडचं पाणी जड आहे. आपल्याकडे खडकवासल्याचं पाणी पिऊन मोठी झालेली मुलं फार झालीत."

खडकवासल्याच्या पाण्याबद्दल सरांचं मत प्रसिद्ध होतं. पुणेकरांना आपल्या नळाच्या पाण्याचा अभिमान असतो. सर स्वतः कसब्यातले, पिढ्यान्‌पिढ्यांचे पुणेकर, पण या बाबतीत ते घरभेदी होते. "सज्जन पाणी आहे," ते म्हणायचे. "गुण नाही, दुर्गुण नाही, इतिहास नाही. पावसात पडलं, धरणात थांबलं, नळातून आलं. त्याच्याशी गप्पा काय मारायच्या?"

त्यांना गप्पा मारायच्या असायच्या त्या जमिनीतल्या गरम पाण्याशी. तो त्यांचा विषय होता. झऱ्यात वर येणारं पाणी समजा साठ अंशांचं आहे. पण ते जिथून आलं तिथे, खोल खडकात, किती तापलेलं होतं? तिथे कोणी थर्मामीटर घेऊन उतरू शकत नाही. मग ते पाण्यालाच विचारायचं. पाण्यात काय काय आणि किती विरघळलंय, त्यावरून खालचं तापमान काढायचं. पुस्तकात या शास्त्राला लांबलचक नाव आहे. सरांनी त्याचे दोनच शब्द केले होते: खाली किती?

हे दोन शब्द ते कुठेही वापरायचे. एकदा प्राचार्यांनी त्यांना बोलावून बराच वेळ झापलं. दारं बंद होती तरी आवाज व्हरांड्यात येत होता. सर बाहेर आले, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वर नव्वद, खाली पंचवीस. सगळी उष्णता पृष्ठभागावरची. घाबरू नका." मला एकदा ताप आला तेव्हा त्यांचा फोन आला. "वर किती?" म्हणाले. मी एकशे दोन सांगितला. "आणि खाली किती? म्हणजे आतून कसं वाटतंय?" मी "बरं आहे सर" म्हटलं. "मग फॅरनहाइटचा ताप आहे, जाईल," म्हणाले आणि फोन ठेवला.

विद्यार्थ्यांशी ते "आपण" म्हणूनच बोलायचे. त्याचा आधार वाटायचा असं मात्र नाही. "आपण हे परीक्षानळीत ओतलंत की परीक्षानळी यात बुडवलीत?" असं विचारल्यावर माणूस उत्तर काय देणार?

प्रयोगशाळेच्या दाराला त्यांनी स्वतःच्या हातानं पाटी लिहून लावली होती. "येथे पाणी प्यायला मिळणार नाही. पाजायचे असल्यास बाटली बंद करून आणावी, गावाचे नाव लिहावे." दिवाळीच्या सुट्टीहून येताना प्रत्येकानं आपल्या गावचं पाणी आणायचं, हा तिथला रिवाज होता. घरून चकल्या-चिवडा आणला तर त्याच्याकडे ते बघायचेही नाहीत. मी आणलेल्या बाटलीतलं त्यांनी एक घोट तोंडात घेऊन डोळे मिटले, गिळलं आणि म्हणाले, "प्रामाणिक आहे." मी ते बाबांना फोनवर सांगितलं. बाबांना वाटलं, सर माझ्याबद्दल बोलले. त्यांनी ते अख्ख्या गल्लीत सांगितलं. मी ते दुरुस्त केलं नाही.

गरम पाण्याचं शास्त्र मला कळलं ते वर्गात नाही, कॉलेजच्या समोरच्या अमृततुल्यात. सर तिथे रोज खिशातला थर्मामीटर काढून चहात बुडवायचे.

"सर, चहाये तो," मालक ओरडायचे. "ताप नाही आलेला त्याला."

"एक्क्याऐंशी. काल त्र्याऐंशी होता. आपला दर्जा घसरतोय."

"मग काल आला होतात तेव्हाच दोनदा पिऊन जायचा होता ना!"

त्या दिवशी सर बोलत बसले आणि माझा चहा तसाच राहिला. पार कोमट झाला. सरांनी कप उचलून माझ्यासमोर धरला. "आत्ता हा किती तापलेला आहे?"

"फार नाही, सर."

"पण रंग बघा. चव बघा. कडक आहे की नाही? म्हणजे हा कधीतरी चांगला उकळलाय. आता गार झाला तरी त्यानं उकळल्याची आठवण टाकलेली नाही. पाण्यातली सिलिका म्हणजे हा कडकपणा. खाली जितकी उष्णता, तितकी सिलिका खडकातून जास्त विरघळते. पाणी वर येईपर्यंत गार होतं, पण सिलिका लगेच साथ सोडत नाही. ती मोजा, खालचं कळतं."

मग त्यांनी मालकांकडे बघून आवाज जरा चढवला. "आता समजा, एखाद्या टपरीवाल्यानं चहात हळूच गार पाणी घातलं."

"आमच्याकडे घालत नाहीत!" गल्ल्यावरून आवाज आला.

"समजा म्हटलं. तर कडकपणा कमी होईल आणि आपण फसू. म्हणून दुसरा साक्षीदार लागतो. साखर आणि चहापत्ती यांचं प्रमाण. पाणी कितीही घातलं तरी ते बदलत नाही, कारण दोन्ही सारखंच पातळ होतं. आपल्या पाण्यात ते प्रमाण सोडियम आणि पोटॅशियमचं. खालच्या उष्णतेवर ते ठरतं. दोन साक्षीदार एकच तापमान सांगायला लागले की समजायचं, पाणी खरं बोलतंय."

मी नुसती मान हलवली. मी तेव्हा मानच हलवायची. वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात मी "मले माहीत नाही" म्हटल्यावर खोलीतल्या मुली हसल्या होत्या. वाईट हेतूनं नाही, गंमत म्हणून. पण तेव्हापासून मी प्रत्येक वाक्य आधी मनात पुण्याचं करून घ्यायची आणि मगच बोलायची. तोवर बोलायची वेळ निघून जायची. सरांच्या ते लक्षात आलं होतं. एकदा नमुने गाळून बाटल्यांत भरत होतो तेव्हा ते म्हणाले, "आपण बोलणंही गाळून घेता. गाळावं. पण गाळणीवर काय अडकलं, तेही कधी दाखवत चला."

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी सरांनी मला कोकणातलं एक उन्हाळं दिलं. "उन्हाळं बघायला जायचंय," ते म्हणाले तेव्हा मी गोंधळले. आमच्याकडे उन्हाळा बघायला कुठे जावं लागत नाही, तो घरी येतो. नंतर कळलं, कोकणात गरम पाण्याच्या झऱ्याला उन्हाळं म्हणतात.

सर, मी आणि प्रयोगशाळेतले मामा असे तिघं गेलो. मामा बाटल्या धुणं, गाडी चालवणं आणि सरांना जेवणाची आठवण करून देणं, अशी तिन्ही कामं करायचे. झरा एका देवळामागे होता. दोन दगडी कुंडं. वरच्या कुंडात लोक पाय बुडवायचे, नवस करायचे. खालचं कुंड लहान, चार पायऱ्या उतरून, आणि तिथे तळातून बुडबुडे यायचे. सरांनी उभ्या उभ्या निकाल दिला. "वरच्याचं पाणी पाटानं भातात जातं. खालचं वेगळं, थेट खालून येतंय. नमुना खालच्यातला घ्यायचा."

मी बाटल्या काढत होते, तेवढ्यात देवळाच्या पायरीवर हार-फुलं विकणाऱ्या एक आजी सरांच्या जवळ आल्या आणि त्यांचा उजवा हात धरून अंगठा बघायला लागल्या. सरांच्या अंगठ्यावर एक मोठी चामखीळ होती. त्यामुळे त्यांना पिपेट धरताना अडचण व्हायची.

"मास्तर, मीठ वाहा की," आजी म्हणाल्या. "मीठ इरलं का चामखील पन इरते."

"अहो आजी, चामखीळ विषाणूमुळे होते."

"आसंल. तेला पन मीठ चालतं."

सर आजींशी बरंच बोलले. प्राचार्यांपुढे न नमलेले सर, पण आजी हात सोडेचनात. शेवटी सरांनी विचारलं, "जाडं की बारीक?"

"जाडं."

"कोणत्या हातानं?"

"ज्येला झालंय त्याच."

आजींनी एक मिठाची पिशवी त्यांच्या हातात ठेवली आणि वर चिमूटभर हळद टाकली. मूठभर वाहायचं असतं. पण सर कोणतंही काम अर्धं करत नाहीत. त्यांनी अख्खी पिशवी वरच्या कुंडात रिकामी केली, हळदीसकट, आणि वळून मला म्हणाले, "सोडियम क्लोराइड. विद्राव्यता उत्तम. वेगळं कुंड आहे, काळजी नको. आजींचं मन मोडवेना."

मग ते गाडीतून उपकरणं आणायला गेले. मी खाली उतरून बाटल्या भरायला लागले. प्रत्येक बाटली त्याच पाण्यानं आधी विसळायची, हा नियम. विसळता विसळता मला दिसलं, दगडाच्या एका फटीतून पिवळी रेघ येतेय. बारीक, दोऱ्यासारखी. बुडबुड्यांपर्यंत आली आणि पसरून नाहीशी झाली. मला वाटलं गंधक असेल. कोकणातल्या झऱ्यांना गंधकाचा वास असतो असं वाचलं होतं. मी बाटली बुडवली आणि भरली.

पुण्याला येऊन मोजणी सुरू झाली. सिलिकेवरून आलं, खाली सव्वाशे अंश. सर खूश. मग सोडियम-पोटॅशियमचं प्रमाण काढलं, सूत्रात घातलं, आणि उत्तर आलं ते बघून मी गणित पुन्हा केलं. पुन्हा तेच. त्या हिशेबानं जमिनीखालचं पाणी झऱ्यातल्या पाण्यापेक्षा गार होतं. ज्या कुंडात हात घातला तर भाजतो, ते पाणी खाली गार आणि वर येता येता तापलं म्हणे.

सरांनी आधी मामांवर संशय घेतला. "आपण नमुन्यांशेजारी खारे दाणे खाल्लेत का?"

"सर, मी कांदापोहे खातो."

"त्यातही मीठ असतं!"

"मग घरी सांगतो, उद्यापासून अळणी करा."

सोडियम मोजणारा फ्लेम फोटोमीटर पुसून झाला. द्रावणं नवी झाली. आकडा हलेना. क्लोराइड मोजलं, तर तेही भरमसाठ. सरांनी धन भार आणि ऋण भार जुळवून बघितले, ते अगदी जुळत होते. म्हणजे मोजणी बरोबर. सर खुर्चीत मागे टेकले आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा आनंद पसरला की मला भीतीच वाटली.

"समुद्र!" ते म्हणाले. "अहो, समुद्र आत शिरलाय!"

दुसऱ्या दिवशी भिंतीवर कोकणाचा नकाशा लागला. समुद्रापासून डोंगराच्या पोटात जाणारा एक मोठा निळा बाण सरांनी स्वतः काढला. जुनं, कधीकाळचं समुद्राचं पाणी खडकात अडकलंय आणि झऱ्यात मिसळतंय, असा त्यांचा सिद्धान्त. एकच अडचण होती. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम पुष्कळ असतं, आणि आमच्या नमुन्यात ते जवळजवळ नव्हतंच. "गरम खडकानं वाटेत धरून ठेवलं असणार," सर म्हणायचे. आणि मग स्वतःशीच, "पण इतकं?"

पिवळी रेघ गंधकाची नव्हती, हे माझ्या कधी लक्षात आलं ते सांगता येत नाही. गंधक मोजलं तर नावालाही नव्हतं. एकदा वसतिगृहात भात-वरण वाढून घेताना वरणाच्या कडेनं ताटातल्या पाण्यात पिवळं पसरलं, आणि मला एकदम कुंड दिसलं. मी दुसऱ्याच दिवशी सरांकडे गेले.

"सर, ते मीठ..."

"कोणतं?"

"चामखिळीचं."

"वरच्या कुंडात. वेगळं पाणी." ते नकाशावरून मान वर न करता म्हणाले. "आपण मॅग्नेशियमचा विचार करा."

पिवळ्या रेघेचं वाक्य मी मनात पुण्याचं करून घेत होते. ते व्हायच्या आत सर पुढच्या तासाला गेले होते. नंतरही दोनदा बोलायचं ठरवून गेले. एकदा मामा होते. सरांनी देवाला मीठ वाहिलं, हे मामांसमोर कसं बोलायचं? मामा देवळापाशीही होते खरं तर, पण मीठ पडलं तेव्हा गाडीखाली वाकून चाक बघत होते. आणि एकदा सर त्या निळ्या बाणाला आणखी गडद रंग देत होते. असं रंगवताना माणसाला मध्येच थांबवणं मला जमत नाही.

शिवाय मला वाटायचं, मी कोण? सरांनी पाण्यात आयुष्य घातलंय. ते समुद्र म्हणत असतील तर मी गावाकडची पोरगी मीठ म्हणणार?

तोंडी परीक्षेला बाहेरून एक बाई आल्या होत्या. सरांच्या फार जुन्या ओळखीच्या, सरांपेक्षा कमी बोलणाऱ्या आणि म्हणून जास्त भीती वाटायला लावणाऱ्या. बाबांनी सकाळी फोन करून सांगितलं होतं, "निकाल लागला का लगेच कळव बरं माय. इथं सगळे थांबले आहेत." सगळे म्हणजे खरोखर सगळे. मी नापास झाले असते तर ते गावानं एकत्र ऐकलं असतं.

बाईंनी नकाशा बघितला. निळा बाण बघितला. "हा समुद्र?"

"हो," सर म्हणाले. ते माझ्या बाजूला बसले होते, गप्प बसायचं ठरवून.

"मी यांना विचारतेय. समुद्र आला, तर मॅग्नेशियम कुठे आहे?"

याचं उत्तर सरांनी मला पाठ करून दिलं होतं. गरम खडकानं वाटेत धरून ठेवलं. वाक्य शुद्ध होतं, गाळलेलं होतं, तयार होतं. मी सरांकडे बघितलं. त्यांनी हलकेच मान हलवली, बोला म्हणून. त्यांचे डोळे चमकत होते. माझ्या डोळ्यांसमोर मात्र दगडाच्या फटीतून ती रेघ येत होती, आणि तोंडातून वेगळंच निघून गेलं.

"समुद्र नाही जी तो. मीठ हाय. सरांनी टाकलं होतं."

"काय?" सर म्हणाले.

"वरच्या कुंडात टाकलं न तुम्ही, हळद होती त्यात. मी खाली बाटल्या विसळत होते. हळद खालच्या कुंडात आली जी. मी पायलं. म्हणजे पाहिलं. दोन्ही कुंडं आतून एकच आहेत. मीठ पण आलं असंल. मिठात मॅग्नेशियम नावालाच असते, म्हणून नाही सापडलं."

मी एका दमात बोलले आणि मग मला कळलं की मी काय केलं.

बाई सरांकडे वळल्या. "तुम्ही मीठ वाहिलंत?"

"अहो, ते... एक आजी होत्या..."

"कशासाठी?"

"चामखिळीसाठी." सर इतक्या लहान आवाजात बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं.

"मग? गेली का?"

सरांनी उजवा हात वर केला आणि अंगठा बघितला. उलटा करून बघितला. चष्मा काढून, जवळ नेऊन बघितला. तिथे काही नव्हतं. इतक्या दिवसांत समुद्राच्या नादात त्यांनी स्वतःचा अंगठा बघितलाच नव्हता.

"गेली की हो!" सर ओरडले.

बाई हसायला लागल्या. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. बराच वेळ हसल्या. मग डोळे पुसून माझा प्रबंध मिटून माझ्यापुढे सरकवला. "नवा नमुना आणा. वरच्या कुंडात कोणी काही टाकायच्या आधी. मग मी पुन्हा येते. तोवर निकाल नाही."

निकाल नाही, एवढंच मला ऐकू आलं. मी बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले. सर मागून आले. मला वाटलं, आता "आपण" म्हणून असं काही बोलतील की पुण्यात राहणंच नको. त्यांनी मला अमृततुल्यात नेलं आणि चहा सांगितला. थर्मामीटर मात्र काढला नाही.

"काय झालं?" मालकांनी मला खुणेनं विचारलं.

"त्यांचा समुद्र गेला," मी म्हणाले.

"फार छान समुद्र होता," सर म्हणाले. मग चहाचा कप खाली ठेवला. "आपण आत काय म्हणालात? 'नाही जी'?"

"चुकून निघालं, सर."

"चुकून नव्हे. इतके दिवस आपण मला कोमट पाणी देत होतात. आज पहिल्यांदा खालचं आलं." मग कप परत उचलून, "भाजलं. पण ठीक आहे."

पुढच्या महिन्यात आम्ही परत कोकणात गेलो. यात्रेकरू यायच्या आधी, सकाळीच. मी आधी नमुने घेतले, सर पायरीवर बसून राहिले आणि कुंडाजवळ येणाऱ्या प्रत्येकाला "थांबा, आधी यांचं होऊ द्या" म्हणत राहिले. एका कुत्र्यालाही म्हणाले. बाटल्या बंद झाल्यावर त्यांनी आजींकडून हळद घेतली आणि मूठभर वरच्या कुंडात सोडली. आम्ही दोघं खाली वाकून बसलो. थोड्या वेळानं फटीतून पिवळी रेघ आली.

"बघा," मी म्हणाले.

"बघतोय," सर म्हणाले. ती विरेपर्यंत ते हलले नाहीत.

आजींना वाटलं, मास्तर नवस फेडायला आले. त्यांनी अंगठा तपासला, खूश झाल्या आणि मला विचारलं, "हिला काय झालंय? हिनं पन वाहायचं का?"

"यांना काही नाही झालेलं," सर म्हणाले. "यांचं सगळं बाहेर आलेलं आहे."

या वेळी सिलिका म्हणाली सव्वाशे. सोडियम-पोटॅशियमही सव्वाशेच्या आसपासच आलं. दोन साक्षीदार एकच बोलले. बाई ठरल्याप्रमाणे आल्या, त्यांनी फक्त एकच प्रश्न विचारला, "खाली किती?" सरांनी त्यांना आधी शिकवून ठेवलं असावं. मी उत्तर दिलं आणि त्यांनी सही केली.

निळ्या बाणाचा नकाशा सरांनी फाडला नाही. तो आजही प्रयोगशाळेच्या भिंतीवर आहे, असं मामा सांगतात. सर निवृत्त झाले, मी आता दुसऱ्या गावी पाणी तपासण्याच्याच कामाला आहे, पण नकाशा आहे. त्याच्याखाली सरांच्या अक्षरात लिहिलंय, "येथे समुद्र होता. चौकशीअंती मीठ निघाले."

त्या दिवशी सही झाल्यावर मी व्हरांड्यातूनच बाबांना फोन लावला. मागे माणसांचा आवाज येत होता. ते चौकात उभे असणार.

"काय लागला वं निकाल?"

मी इतकी आनंदात होते की डोक्यात एकच आकडा होता. "सव्वाशे, बाबा!"

पलीकडे बाबांनी कोणाला तरी हळूच काहीतरी विचारलं, मग फोनवर आले. "सव्वाशे? कितीपैकी वं माय?"

मी उत्तर द्यायच्या आत शेजारी उभ्या असलेल्या सरांनी वाकून फोनपाशी तोंड आणलं.

"शंभरपैकी!" ते म्हणाले. "पाणी शंभरालाच उकळतं हो. ही पुढे गेली."